चिपीचं मुंबई विमान बंद झालं, आता कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचं काय?

रंकाळावेस | ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.१०

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून मुंबईला जाणारं अलायन्स एअरचं विमान ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बंद झालं. दोन दिवस पेपरात बातमी राहिली, मग निवडणुकीच्या धुरळ्यात गडप झाली. मला मात्र ती काही सोडवत नाही, म्हणून धागा काढतोय.

चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ चं. तेव्हाचे मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्री एका मंचावर, एकमेकांना टोमणे, टीव्हीवर दिवसभर तेच दळण. त्यानंतर तीन वर्षं विमान उडालं आणि तीन वर्षं पुरी झाल्या झाल्या थांबलं. हा योगायोग नाही. लहान शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेत कंपनीनं बोली लावून मार्ग घेतला की त्या मार्गावरची तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. त्या बदल्यात कंपनीनं साधारण निम्म्या सीटा ठरलेल्या भाड्यात विकायच्या. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार असा तो आकडा होता. तुटीतला २० टक्के वाटा राज्याचा. शिवाय विमानाच्या इंधनावर व्हॅट फक्त १ टक्का, उतरायचं भाडं नाही, उभं राहायचं भाडं नाही, आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरा स्पर्धक नाही. एवढं सगळं असताना विमान चालतं यात नवल नाही. तीन वर्षांनी पैसे थांबले की ते खरंच चालतं का, ते कळतं.

मला म्हणायचंय ते एवढंच, की आपल्याकडे विमानतळाला कुणी कुलूप लावत नाही. विमान जातं आणि विमानतळ तसाच उभा राहतो. पाटी असते, पोलीस असतो, दिवे असतात. त्यामुळे "का बंद केलात?" हे कुणाला विचारायचं तेच कळत नाही. कंपनी म्हणते करार संपला, प्राधिकरण म्हणतं आमची धावपट्टी तयार आहे, पुढारी म्हणतात पाठपुरावा सुरू आहे.

आपण हे भोगलंय. १९३९ साली राजाराम महाराजांनी सुरू केलेला आपला हा उजळाईवाडीचा विमानतळ. संस्थान गेलं, वायुदूत कंपनीचं विमान येऊन गेलं, आणि २०११ च्या अखेरीस किंगफिशरचं विमान गेलं ते थेट एप्रिल २०१८ पर्यंत नियमित विमान नाही. सहा वर्षांवर काळ झाला. तेव्हा कोल्हापूरचा विमानतळ बंद आहे असं अधिकृतपणे कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा १० मार्चला नवीन टर्मिनलचं उद्घाटन झालं. दगडी कमानी, किल्ल्याच्या धर्तीचं बांधकाम, बघायला झकास. सगळे सेल्फीत दंग. मला एकच विचारायचं आहे. आपल्या प्रत्येक मार्गाची उडानची तीन वर्षं कधी संपतात, हे इथं कुणाला माहीत आहे का?

---

तांबडा पांढरा | रात्री ९.२६

रंकाळावेस भावा, चिपीचं आपल्याला काय पडलंय? मालवणला आपण काय विमानानं जातोय व्हय? करूळ घाट जानेवारीपासनं बंद हाय, भुईबावड्यातनं जाताना कंबरडं मोडतंय, त्यावर काढ की धागा. विमान त्यांचं, घाट आपला.

---

कर्लीकाठ | रात्री ९.५१

माझं माहेर परुळ्याला, चिपीच्या पठाराला लागून. सासर शाहूपुरी. तेव्हा घाटही माझा आणि विमानही माझं, तांबडा पांढरा दादा.

आधी एक दुरुस्ती. चिपी पूर्ण बंद नाही. फ्लाय९१ ची पुणे, हैदराबाद, बंगळूरची विमानं आहेत, आठवड्यातल्या ठरावीक दिवशी. बंद झालीय ती मुंबई. पण सिंधुदुर्गात विमान म्हणजे मुंबईच. पुण्याला जायला कोण कुडाळातून विमान पकडणार? चाकरमानी मुंबईला. त्याचं गणपतीतलं रेल्वेचं तिकीट चार महिने आधी वेटिंगला जातं, त्याच्यासाठी हे विमान होतं.

खरं कारण मोपा, उत्तर गोव्यातला नवा विमानतळ. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू. तिथं मुंबईची दिवसभरात कितीतरी उड्डाणं. बांद्याच्या माणसाला मोपा दारात आहे, सावंतवाडीकरही तिकडेच वळतात. चिपीला एकच विमान, ते चुकलं की दिवस गेला. शिवाय चिपीच्या पठारावर उतरल्यावर पुढं काय? विमानाच्या वेळेला धरून एसटी नाही. रिक्षावाला सांगेल तो दर. माझ्या चुलत भावानं एकदा हिशेब सांगितला, मुंबई ते चिपी जेवढं पडलं त्याच्या निम्मे पैसे चिपी ते देवबाग गाडीला गेले.

धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे चिपीला. आपल्या उजळाईवाडीपेक्षा मोठी! धावपट्टी मोठी असून उपयोग काय मग?

---

आकडेमोड | रात्री १०.१५

मूळ प्रश्नाकडे येऊ. कॅगचा उडानवरचा अहवाल आहे, २०२३ मधला. उडान-३ पर्यंतच्या बोलीच्या फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ कधी सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि तीन वर्षांनंतरही, म्हणजे सरकारी पैसा थांबल्यावरही, मार्च २०२३ ला चालू होते ५४.

७७४ पैकी ५४. शेकडा ७.

म्हणजे चिपीचं जे झालं तो अपवाद नाही, तोच नियम आहे. अपवाद असायचा तर तो आपल्याला व्हावं लागेल.

---

तांबडा पांढरा | रात्री १०.१९

शेकडा ७?? आयला, आमच्या बारावीच्या वर्गाचा निकाल पण ह्यापेक्षा बरा लागलावता.

---

ॲड. भवानी मंडप | रात्री १०.४०

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण ५४ टिकले ते का टिकले हेही पाहावं. जिथं कुणाला तरी रोज जावंच लागतं, तिथं टिकतात. पर्यटन हा मोसमी धंदा. दिवाळी, नाताळ, मे महिना, एवढ्यावर ७० सीटचं विमान बारा महिने चालत नाही.

कोल्हापुरात रोज जावं लागणारी माणसं आहेत. आम्ही वकील मंडळी घ्या. खंडपीठासाठी किती वर्षं आंदोलन चाललंय ते सर्वांना माहीत आहे. ते होईपर्यंत उच्च न्यायालयासाठी मुंबईच. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी उतरून कुठंतरी अंघोळ, अकराला कोर्टात, आणि बोर्डावर आपलं प्रकरण आलंच नाही तर त्याच रात्री परत. सप्टेंबरात वंदे भारत आली, पण ती पुण्यापर्यंत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं विमान असेल तर वकील, डॉक्टर, शिरोली-गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे कापडवाले, हुपरीचे चांदीवाले, सगळे जातील. फक्त वेळ तशी पाहिजे. भर दुपारी मुंबईत सोडणारं विमान कामाच्या माणसाच्या काय कामाचं?

आणि तशी वेळ मिळत नाही ती मुंबईमुळे. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, गर्दीच्या तासाला पंचेचाळीसेक विमानांची ये-जा. त्या रांगेत दिल्लीचं १८० सीटचं विमान आणि कोल्हापूरचं ७६ सीटचं विमान दोघांना तेवढीच जागा लागते. तुम्ही मालक असता तर सकाळी आठची वेळ कुणाला दिली असती? नवी मुंबईला गेल्या महिन्यात हवाई दलाचं विमान उतरवून चाचणी झाली. ते सुरू झालं की गणित बदलेल असं माझं मत.

---

कात्यायनी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

सगळे मुंबई मुंबई करताय म्हणून लिहिते. माझी मुलगी हैदराबादला आयटीत आहे, आम्ही दोघं साठीच्या पुढचे. आम्हाला हैदराबादचं विमान म्हणजे वरदान. पूर्वी रात्रभर बस, सोलापूरमार्गे, पाय सुजायचे. आणि तिरुपतीचं विमान! दरवर्षी नवरात्रात बालाजीकडून अंबाबाईला शालू येतो, तसे इथले भक्त तिकडं जातात. ते विमान बहुतेक वेळा भरलेलं असतं.

तक्रार एकच. पावसाळ्यात आणि थंडीत धुक्यानं विमान रद्द होतं, आणि कळतं कधी, तर आम्ही पिशव्या भरून, गाडी करून तिथं पोचल्यावर. एका कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, काकू, व्हिजिबिलिटी नाही. अगं बाई, मला समोरचं तामगावचं देऊळ दिसतंय आणि वैमानिकाला दिसत नाही? जाणकारांनी समजवावं.

---

दिवाबत्ती (निवृत्त) | सकाळी ११.३०

कात्यायनीताई, देऊळ दिसणं वेगळं. उपकरणांच्या आधारानं उतरायची पूर्ण सोय जिथं नाही, तिथं वैमानिकाला काही किलोमीटर लांबून धावपट्टी नजरेनं दिसावी लागते. त्याखाली दृश्यमानता गेली की त्याला परवानगीच नाही. तो विमान फिरवून बेळगाव किंवा गोव्याला नेतो, किंवा मुळात निघतच नाही.

मी विमानतळांच्या वीज विभागात नोकरी केली, वेगवेगळ्या लहान ठिकाणी. नावं घेत नाही. रंकाळावेस यांनी "विमान जातं आणि विमानतळ तसाच उभा राहतो" लिहिलंय. तो तसाच राहत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धावपट्टीच्या डाव्या अंगाला चार दिवे एका ओळीत असतात, पापी म्हणतात त्यांना. (नाव तसंच आहे, हसू नका.) वैमानिकाला उतरताना दोन लाल आणि दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर. चारही लाल दिसले तर तो फार खाली आलाय, चारही पांढरे तर फार वर. हा खेळ अंशाच्या छोट्या छोट्या भागांवर चालतो. आता आपली काळी माती घ्या. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दिव्याचा काँक्रीटचा पाया केसभर कलला तरी आतला स्विच दिवाच बंद करून टाकतो, कारण चुकीचा रंग दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. मग आम्ही सकाळी स्पिरिट लेव्हल घेऊन त्याच्यापुढं पालथे. नुसतं जमिनीवरून जुळवून भागत नाही, तपासणीचं खास विमान येऊन वरून घिरट्या घालून मोजतं, तेव्हा ते पास.

रोज विमान येत असलं की हे सगळं रोज होतं. विमान बंद झालं की पहिल्या महिन्यात होतं, दुसऱ्या महिन्यात कागदावर होतं.

तसंच अग्निशमनाचं. सायरन झाल्यापासून तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला फोम पडला पाहिजे असा दंडक आहे. त्यासाठी गाडी रोज सुरू करून, पंप चालवून, माणसं पळवून बघावी लागतात. विमान नाही म्हटल्यावर प्रशिक्षित माणूस दुसऱ्या विमानतळावर हलवतात, आणि एकदा हलवलेला माणूस परत येत नाही. गवत कापायचं टेंडर लांबतं. गवत वाढलं की किडे, किड्यांमागं पक्षी, पक्ष्यांमागं साप. कुंपणाची तार कुणीतरी वाकवतं आणि शेळ्या आत चरायला येतात. आजूबाजूला टॉवर उठतात, इमारती चढतात. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. उद्या एखादी कंपनी "आम्ही येतो" म्हणाली की तेव्हा कळतं, की परवान्यासाठी वीस त्रुटी काढून ठेवल्यात आणि त्या भरायला वर्ष जाणार. तोवर कंपनी दुसऱ्या गावाला गेलेली.

सोलापूर आठवा. विमानतळ होता, धावपट्टी होती. वाटेत साखर कारखान्याची चिमणी. त्या चिमणीवरून गावात किती वर्षं दोन तट होते! कारखान्याचे सभासद एकीकडे, विमानवाले एकीकडे. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली. यंदा सप्टेंबरअखेर नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. आज नोव्हेंबर आहे. नियमित विमान अजून नाही.

---

कर्लीकाठ | सकाळी ११.५२

दिवाबत्ती काका, तुमच्या पापींवर वेगळा धागा काढा, मी वाचायला येईन.

---

तांबडा पांढरा | दुपारी १२.१०

चारी लाल दिसलं म्हणजे लई खाली आलायस. लक्षात ठेवतो. २३ तारखेला निकालाच्या दिवशी उपयोगी पडंल.

---

संपादक | दुपारी १२.४५

निवडणुकीवरचे प्रतिसाद उडवले आहेत. वरचा राहू दिला, कारण त्यात पक्ष नाही. विमानतळाचं श्रेय कुणाचं यावर इथं याआधी दोन धागे बंद करावे लागलेत. तिसरा नको.

---

डॉनचा पाहुणा | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

नमस्कार मंडळी. मूळचा राजारामपुरीचा, सध्या इंग्लंडात दक्षिण यॉर्कशायरमध्ये. "आपल्याकडे कुणी कुलूप लावत नाही" हे वाचून लिहावंसं वाटलं, कारण इथं खरोखर लावलं.

डॉनकास्टर शेफील्ड विमानतळ. पूर्वी हवाई दलाचा फिनिंग्लीचा तळ, व्हल्कन बॉम्बर विमानांसाठी बांधलेली जवळजवळ २.९ किलोमीटरची धावपट्टी. २००५ पासून नागरी विमानं. मालकी पील नावाच्या खाजगी समूहाची. २०२२ च्या जुलैत त्यांनी जाहीर केलं की विमानतळ परवडतो का याचा आम्ही फेरविचार करतोय. सप्टेंबरात म्हणाले, बंद करतोय. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेवटची विमानं गेली. चार महिन्यांत खेळ खलास. एवढी मोठी धावपट्टी, आणि तिचं काहीही चालेना, कारण लीड्स, मँचेस्टर, ईस्ट मिडलंड्स असे मोठे विमानतळ सगळे गाडीच्या टप्प्यात. कर्लीकाठताईंच्या मोपाचीच कथा.

पुढचा भाग मात्र आपल्याकडे होत नाही. लोक चिडले, सह्यांच्या मोहिमा झाल्या, आणि गावच्या कौन्सिलनं ठरवलं की जागा घरं-गोदामांना जाऊ द्यायची नाही. यंदा मार्चमध्ये कौन्सिलनं पीलकडून १२५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं विमानतळ घेतला. आता चालवणारा शोधताहेत. करदात्यांचा पैसा जाणार म्हणून विरोधही भरपूर आहे. माझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो, माझ्या गल्लीतले खड्डे बुजवा आधी. (ओळखीचं वाटलं ना?)

पण वाद नेमका कशावर घालायचा ते इथल्या लोकांना माहीत असतं. जागा कुणाची, तोटा किती, करार केव्हापर्यंत, सगळं कौन्सिलच्या बैठकीच्या कागदांत. उजळाईवाडीचं कुणी सांगेल का? जागा एमआयडीसीची ना?

---

आकडेमोड | संध्याकाळी ६.०२

एमआयडीसीकडे होता, नंतर विमानतळ प्राधिकरणाकडे आला. आपल्या राज्यातल्या लहान विमानतळांच्या मालकीचा इतिहास हा वेगळाच गुंता आहे. २००९ साली एमआयडीसीनं नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ हे पाच विमानतळ एका खाजगी समूहाला दीर्घ भाडेपट्ट्यानं दिले. त्यातल्या किती ठिकाणी रोज विमान उतरतं ते तुम्हीच बघा. त्या यादीत आपण नव्हतो हे नशीब म्हणायचं.

---

तामगावचा | रात्री ८.३३

सगळ्यांचं वाचलं. आता आमचं पण ऐका.

आम्ही धावपट्टीच्या पल्याड राहतो. धावपट्टी १३७० मीटरची १९३० केली, तवा नेर्ली-तामगाव रस्ता मधी आला आणि बंद झाला. पाच मिनिटांचं अंतर वळसा घालून जायचं, पोरांच्या शाळा, उसाच्या गाड्या, सगळंच लांब गेलं. आता आणि वाढवायची म्हणून गडमुडशिंगीची जमीन. घराला वरचा मजला चढवायचा म्हटलं तर उंचीचा दाखला आणा. हे सगळं आम्ही सोसलं. गावात म्हातारी माणसं म्हणायची, विमान आलं तर गावाचं नाव होईल.

आता तुमी म्हणताय तीन वर्षांनी विमान जाईल. मग आमचा रस्ता परत देणार काय? जमीन घेताना सगळे साहेब येतात, चहा घेतात. विमान गेल्यावर कोण येतंय?

---

रंकाळावेस | रात्री ९.४०

तामगावचा, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि धागा काढताना हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. बरं झालं लिहिलंत.

बाकी, मीच विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आज जमवलं. मुंबईच्या मार्गाचा इतिहास आधी. २०१८ च्या एप्रिलमध्ये एअर डेक्कननं अठरा-एकोणीस सीटच्या लहान विमानानं सुरुवात केली. ती कंपनीच नंतर बंद पडली. मग २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर, म्हणजे पंख्याचं सत्तरेक सीटचं विमान. २०२२ उजाडलं आणि तीही बसली. म्हणजे किंगफिशर धरून तीन कंपन्या मुंबई-कोल्हापूर करता करता अंतर्धान पावल्या. आपल्या मार्गामुळे बुडाल्या असं नव्हे, पण बुडताना आपल्याला घेऊन गेल्या. एकाच कंपनीवर एक मार्ग टांगला की हे होणार.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरनं उडानखाली मुंबई सुरू केली. ऑक्टोबर २०२२ अधिक तीन. ऑक्टोबर २०२५.

अकरा महिने उरलेत.

---

तांबडा पांढरा | रात्री ९.४८

पण स्टार एअर तर आपली घोडावतांची हाय की! घरची कंपनी घरचं विमान कशाला बंद करंल?

---

ॲड. भवानी मंडप | रात्री १०.०५

तांबडा पांढरा, विमान कंपनी भावकीवर चालत नाही. मालक कोल्हापूरचे आहेत याचा आनंद मलाही आहे, पण एम्ब्रेअर जेटचा हप्ता आणि इंधन गाव बघत नाही. त्यांनाही जिथं सीट भरतील तिथंच विमान पाठवावं लागेल. त्यांनी आपुलकीनं चालवावं अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, चालवणं परवडेल एवढी माणसं आपण त्यात बसवतो का ते बघू.

मला भीती वेगळीच आहे. भाड्यावरची मर्यादा उठली की तिकीट सात-आठ हजारावर जाईल. मग आमच्यासारखे परत महालक्ष्मीत, विमानात सीटा रिकाम्या, रिकाम्या म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून उरलेलेही जात नाहीत. बेळगावचं बघा. उडान-३ मध्ये तिथल्या सांबरा विमानतळाला एकदम भरपूर मार्ग मिळाले, कोल्हापूरची माणसं तिकडं जाऊन विमान पकडत होती. मुदत संपल्यावर त्यातले बरेच गळाले.

---

दिवाबत्ती (निवृत्त) | रात्री १०.३१

वकीलसाहेबांच्या साखळीत एक कडी जोडतो. धावपट्टी. १९३० मीटरवर एटीआर आणि एम्ब्रेअर चालतात. मोठं एअरबस भरल्या वजनानं नीट चालवायचं तर आणखी लांबी हवी, म्हणून २३०० मीटरचा बेत आहे. मोठं विमान आलं की सीटमागचा खर्च कमी होतो, तिकीट सबसिडीविना परवडायच्या जवळ येतं. पण चिपीला अडीच हजार मीटर असूनही मुंबईचं ७० सीटचंच विमान येत होतं, तेही गेलं. त्यामुळे "आधी लांबी, मग विमान आपोआप" हे काही मी मानणार नाही. आणि ती लांबी तामगावच्या मंडळींच्या जमिनीतून येणार, हेही विसरू नये.

एक मात्र नक्की. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. गावाला बाहेरचा रस्ता उरला नव्हता. त्या दृष्टीनं ही धावपट्टी जिवंत ठेवणं तिकीट विक्रीच्या हिशेबाबाहेरचं काम आहे. तो खर्च शासनानं वेगळा धरावा, उडानच्या तीन वर्षांना बांधू नये.

---

कात्यायनी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

काका, व्हिजिबिलिटीचं समजलं, आभार. पण ते घरून निघायच्या आधी कळवायला कुठला दिवा लागतो?

---

आकडेमोड | सकाळी ९.१५

प्रस्ताव. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू. नागरी उड्डाण मंत्रालयाकडे एक आणि विमानतळ प्राधिकरणाकडे एक. प्रश्न असे:

उजळाईवाडीहून उडानखाली कोणकोणते मार्ग आहेत, प्रत्येकाची मुदत कधी सुरू झाली, कधी संपते. प्रत्येक मार्गावर आतापर्यंत तुटीपोटी किती रक्कम दिली. रद्द उड्डाणं किती, त्यातली हवामानामुळे किती आणि इतर कारणांनी किती. मुदत संपल्यावर मुंबईची वेळ कोल्हापूरसाठी राखीव राहणार की नाही. राज्यानं अग्निशमन आणि सुरक्षेवर वर्षाला किती खर्च केला. धावपट्टी वाढवण्याचं काम कुठल्या टप्प्यावर आहे.

रद्द उड्डाणांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला. हवामान सोडून इतर कारणांनी रद्द होणारी उड्डाणं वाढत असतील तर कंपनीचा पाय निघत चाललाय असं समजायचं.

---

डॉनचा पाहुणा | दुपारी १.४०

आकडेमोड, एक नंबर. इथं कंपनीनं फेरविचार जाहीर केला तेव्हाच लोक जागे झाले, आणि तोवर उशीर झाला होता. अकरा महिने हा चांगला अवधी आहे. जाता जाता एक सुचवतो: चेंबर आणि बार असोसिएशन मिळून "आमची इतकी माणसं महिन्याला मुंबईला जातात, अमुक वेळेला विमान द्या" असं आकड्यासह पत्र देऊ शकतात का? कंपनीला भावनेपेक्षा बुकिंगची हमी जास्त कळते.

---

ॲड. भवानी मंडप | दुपारी २.१०

बारमध्ये बोलतो. निवडणुकीनंतर. सध्या सगळे कुणाच्या ना कुणाच्या सभेत आहेत.

---

तामगावचा | संध्याकाळी ७.१८

त्या अर्जात आमचा एक प्रश्न घाला. बंद केलेल्या रस्त्याला पर्यायी रस्ता कधी पुरा होणार, आणि त्याची फाइल कुणाच्या टेबलावर हाय.

---

आकडेमोड | संध्याकाळी ७.४५

घातला, पहिल्या क्रमांकावर. पण रस्त्याची माहिती मंत्रालयाकडं मिळणार नाही, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तिसरा अर्ज लागेल. गट नंबर आणि रस्ता बंद झाल्याची तारीख व्यक्तिगत निरोपात पाठवा. दहा रुपयांचं तिकीट मी लावतो.